सोपानतात्यांच्या पिशवीतल्या तीन काड्या

सोपानतात्यांवर लिहा, असं मला आजवर तीनदा सांगितलं गेलं. पहिल्यांदा आमच्या फळबागायतदार संस्थेची स्मरणिका निघत होती तेव्हा. मी डोळ्यांचं निमित्त केलं. दुसऱ्यांदा शेतीचं मासिक चालवणारे एक गृहस्थ घरी आले. त्यांना मी पाठीचं दुखणं सांगितलं. तिसऱ्यांदा सुनेनं विचारलं, "आबा, तो कलमं बांधणारा म्हातारा कोण होता हो? लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात. लिहून काढा ना." तिला मी चहा टाकायला सांगितला. डोळे आणि पाठ तेव्हा दोन्ही धड होते. आता वय ऐंशीला टेकलं आहे. संस्थेच्या इतिवृत्तात या माणसाबद्दल एकच वाक्य आहे, ते माझ्या हातचं आहे आणि खोटं आहे. ते खोटं आहे हे माहीत असलेली माणसं दोनच होती. त्यातले तात्या गेले.

तात्या कळंबचे. इंदापूरला संस्थेची रोपवाटिका होती, तिथं ते कलमं बांधायचे. मी संस्थेचा चेअरमन होतो, म्हणजे कागदावर त्यांचा मालक. उंच, वाळकी अंगकाठी, मळकी टोपी, आणि कमरेला चामड्याच्या म्यानात कलमाचा चाकू. रोज सकाळी तो दगडावर लावायचा आणि डाव्या हातावरचे केस भादरून धार बघायची, ही त्यांची रीत. त्यामुळे त्यांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत कायम तुळतुळीत असे. त्या चाकूनं कुणी कांदा चिरायला मागितला, तर ते मागणाऱ्याकडे असं बघत की त्यानं कांदाच खाणं सोडावं.

त्यांना कशाचंच कौतुक नव्हतं. झाड कितीही बहरलेलं असो, ते एक पान चुरगळून नाकाशी धरत, टाकून देत आणि पुढं चालू लागत. फारच आवडलं तर म्हणत, "उभं हाय." याच्या वरचं प्रशस्तिपत्रक त्यांच्याकडे नव्हतं. बागायतदारांबद्दल तर त्यांचं मत ठरलेलं होतं. "बागायतदार म्हंजे कोण? पान्याचा कॉक फिरवणारा माणूस. कॉक कुणी बी फिरवतं."

एकदा बाहेरगावचे पाहुणे माझी डाळिंबाची बाग बघायला आले होते. मी तात्यांना मुद्दाम सोबत घेतलं होतं, चार शब्द बरे बोलतील म्हणून. पाहुण्यांनी विचारलं, "कशी वाटते साहेबांची बाग?" तात्या म्हणाले, "झाडं समजूतदार हायती. मालक कसा बी आसला तरी येत्यात." पाहुणे हसले. मीही हसलो. ते हसू माझ्या घशात कितीतरी वर्षं अडकून राहिलं, आणि पुढं जे झालं त्यात त्याचाही हात होता, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आमचे एक संचालक भगवानराव. त्यांनी बंगल्यापुढं परदेशी पाम लावले होते, दोन्ही बाजूंना ओळीनं, लग्नातल्या बँडवाल्यांसारखे. तात्यांना बोलावून त्यांनी विचारलं, "काय तात्या, शोभा आली का नाही?"

"सावली न्हाय, फळ न्हाय, सरपणाला बी जळायचं न्हाय," तात्या म्हणाले. "हे झाड हाय का तुमचा व्याही?"

अशा माणसावर कुणी प्रेम करत नाही. त्यांचं कामच असं होतं की कुणी त्यांना काढूही शकत नव्हतं. त्यांनी बांधलेलं कलम शंभरात एखादंच वाया जाई.

पण त्यांचा खरा हट्ट वेगळा होता. आपल्याकडे एक समजूत आहे, चोरून आणलेलं रोप हमखास लागतं. बायका शेजारणीच्या कुंडीतली फांदी पदराआड आणतात. बागायतदार तर कुठंही गेला, देवाला गेला तरी, परत येताना त्याच्या टॉवेलात ओली काडी असतेच. यात कुणाला चोरी वाटत नाही. तात्यांना वाटायची. कुणी कलम बांधायला काडी घेऊन आलं की पहिला प्रश्न, "इचारून आणली का?"

नरसिंहपूरचा एक जण चिकूच्या काड्या घेऊन आला होता. शेजाऱ्याच्या झाडाच्या. तात्यांनी विचारलं, तो इकडंतिकडं बघू लागला. तात्यांनी काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच्या हातात परत दिल्या. "जा. त्याला इचार. व्हय म्हनला तर ये."

"आवो तात्या, तीस किलोमीटर जायाचं आन यायाचं? चार काड्यांसाठी?"

"तोडाया गेलतास तवा त्याच्या दारावरनंच गेलतास की. तवाच इचारलं आस्तं तर पेट्रोल वाचलं आस्तं."

तो गेला. संध्याकाळी परत आला. शेजाऱ्यानं हसत हसत हो म्हटलं होतं. तात्यांनी त्याची चारही कलमं बांधून दिली आणि त्याला चहा पाजला. तो मात्र तो अपमान विसरला नाही. तालुक्यात असे पंचवीस-तीस लोक तरी असतील, तात्यांनी हात हलवत परत पाठवलेले. त्यात काही माझे मतदार होते.

आता बंगळूरची गोष्ट.

संस्थेचा अभ्यासदौरा होता. अभ्यासदौरा म्हणजे काय हे सहकारात ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. अकरा संचालक, एक बस, आणि दौऱ्यावर निघण्याआधीच टाईप करून ठेवलेला अहवाल. तो मीच केला होता. 'सदर शहरातील उद्यानव्यवस्था व आधुनिक तंत्रज्ञान यांची पाहणी करून सदस्य प्रभावित झाले' असं त्यात होतं. फक्त तारखांच्या जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. तात्यांना नेलं, कारण शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत नव्या जातीचा पेरू होता, आतून लालभडक आणि बिया नावाला. त्या जातीतलं कळणारा कुणीतरी बरोबर हवा होता. आम्हा अकरा फळबागायतदारांत तसा कुणी नव्हता.

बंगळूर सुंदर शहर आहे. आम्ही ते बघण्याच्या लायकीचे नव्हतो. लालबागेत फुलांचं घड्याळ आहे, त्याच्यापुढं उभं राहून संचालकांनी इतके फोटो काढले की मागे थांबलेल्या शाळेच्या मुली कंटाळून निघून गेल्या. भगवानरावांनी फोटोसाठी गॉगल घेतला आणि फोटो झाल्यावर तो परत करता येईल का असं दुकानदाराला विचारलं. मग चंदनाचे साबण, रेशमी साड्या. बसमधला वास असा की देवळात बसल्यासारखं वाटावं. बसणारे मात्र आम्ही.

तात्या लालबागेत हरवले. शोधून शोधून सापडले तेव्हा सावरीच्या एका अवाढव्य जुन्या झाडापुढं उभे होते. त्या झाडाच्या मुळांच्या भिंती माणसाहून उंच होत्या. मी म्हटलं, "तात्या, चला. बस थांबलीय."

ते हलले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "उभं हाय."

दुसऱ्या दिवशी एका संगणक कंपनीचं आवार दाखवलं गेलं. काचेच्या इमारती, हिरवळ, तळं, आणि प्रत्येक झाडाच्या खोडाला नंबराचा बिल्ला. सहाव्या मजल्याच्या गच्चीवर बाग होती. आमचे लोक तोंडाचा आ वासून बघत होते. मार्गदर्शक मुलगी सांगत होती, झाडाला पाणी कधी हवं ते मोबाईलवर कळतं. मी मराठीत समजावून सांगितलं. तात्यांनी गच्चीवरच्या एका आंब्याची माती बोटानं उकरली. वीतभर खाली फरशी लागली.

"ह्याचं मूळ कुठं जानार?" त्यांनी विचारलं. "खालच्या मजल्यावरच्या सायबाच्या डोक्यात?"

सगळे मोठ्यानं हसले, आणि मला लाज वाटली. त्या स्वच्छ, थंड, इंग्रजी बोलणाऱ्या जागेत हा माणूस आपला आहे याची लाज. आपण अकरा जण तिथं किती बावळट दिसतो आहोत, याची वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी ती रोपवाटिका. तिचा मालक पस्तिशीचा तरुण. संगणकातली नोकरी सोडून त्यानं पंधरा एकर घेतले होते. स्वभावानं साधा, हिंदी मोडकं पण गोड. त्याच्याकडे एक म्हातारा कानडी माळी होता. त्या माळ्याला आणि तात्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दहा मिनिटांत दोघं एका वाफ्याशी उकिडवे बसले होते. माळ्यानं एक काडी पुढं केली. तात्यांनी म्यानातून चाकू काढला आणि एका झटक्यात तिरका काप घेतला. माळ्यानं तो काप उन्हात धरून बघितला. लखलखीत, काचेसारखा. त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या काडीवर स्वतःचा काप घेऊन दाखवला. तात्या म्हणाले, "जमतंय ह्याला." मी त्यांच्या तोंडून कुणा माणसाबद्दल ऐकलेली ही एकमेव स्तुती.

मग ते माझ्याकडे आले. त्यांच्या कापडी पिशवीत ओल्या गोणपाटाचा तुकडा होता, घरून भिजवून आणलेला. म्हणाले, "चेअरमन, मला हिंदी येत न्हाय. तुमी इचारा त्याला. म्हनावं, पेरूच्या दोन काड्या द्या, आमी आमच्या डाळिंबाच्या पाठवतो. न्हाय म्हनला तर ऱ्हाऊ द्या."

मी मालकाजवळ गेलो. त्याच्याशी पाच मिनिटं बोललो. हवामानाबद्दल. काडी मागितली नाही. संस्थेचा चेअरमन मी, परगावी जाऊन पोराच्या वयाच्या माणसापुढं हात पसरायचा आणि तो नाही म्हणाला तर सगळ्यांसमोर मान खाली घालून यायचं, हे मला परवडणारं नव्हतं. परत येऊन तात्यांना म्हणालो, "नाही म्हणतोय."

"बरं," तात्या म्हणाले. "त्याचं झाड हाय."

पाणी प्यायला सगळे शेडकडं गेले. तात्यांनी पिशवी बाकावर ठेवली होती. मी म्हटलं, "तात्या, नख तुटलंय, चाकू द्या जरा." त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. कधी कुणाला न दिलेला चाकू त्यांनी मला दिला, कारण मी चेअरमन होतो. मी पेरूच्या ओळीत गेलो, तीन काड्या कापल्या, परत आलो, आणि त्यांच्याच पिशवीत, त्यांच्याच गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. माझ्याजवळ सुटकेस होती. तिच्यात काड्या सुकल्या असत्या. इतका साधा हिशेब होता. त्यांच्यावर आळ घालावा असं मनात नव्हतं. पण आळ यायचाच झाला तर तो कुणावर येईल, हे मला कळत नव्हतं असं आज लिहिलं तर तेही खोटंच.

फाटकावर पिशव्या बघतात हे मला माहीत नव्हतं. रखवालदारानं गोणपाट उलगडलं. मालक आला, माळी आला. मालकानं विचारलं, "ये थैली किसकी है?"

तात्या काड्यांकडं बघत होते. मग म्हणाले, "पिशवी माजी हाय."

मालक चिडला नाही. हेच वाईट झालं. तो दुखावल्यासारखा म्हणाला, "मांगते तो मैं दे देता. जो मांगता है, सबको देता हूँ. किसीने मांगा ही नहीं."

तात्यांना हिंदी बोलता येत नव्हतं. एवढं समजत होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बोलण्याची माझी पाळी होती आणि ते थांबले होते.

तेवढ्यात त्या कानडी माळ्यानं एक काडी उचलली. तिचं टोक बघितलं. चेंगरलेलं, साल ओरबाडलेली. आयुष्यात कधी कलमाचा चाकू न धरलेल्या हाताचा तो काप होता. माळ्यानं तात्यांच्या हाताकडं बोट केलं, काडीकडं केलं, आणि मालकाला कानडीत काहीतरी घाईघाईनं सांगू लागला. मालकानं त्याला हातानं थांबवलं. माझ्याखेरीज दहा फळबागायतदार तिथं उभे होते. त्या काडीचं टोक बघून हा काप तात्यांचा नव्हे, हे एकालाही कळलं नाही. मला कळलं.

मी पुढं झालो. हिंदीत म्हणालो, "माफ कीजिए. बूढ़ा आदमी है. पुरानी आदत है."

मालकानं माझ्याकडं आदरानं बघितलं. त्या काड्या पुन्हा गोणपाटात गुंडाळल्या आणि माझ्या हातात दिल्या. "आप ले जाइए," तो म्हणाला. माझ्या मोठेपणाबद्दल.

बसमध्ये भगवानरावांनी सुरुवात केली. "काय तात्या, इचारून आणली का?" बस हसली. सोलापूर येईपर्यंत तो एकच विनोद वेगवेगळ्या तोंडांनी चालला. तात्या खिडकीशी बसले होते. मी त्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "चेअरमन, हे सांगायचं काम तुमचं हाय. माजं न्हवं."

"सांगतो," मी म्हटलं. "इंदापूरला गेल्यावर सांगतो."

इंदापूरला गेल्यावर संचालक मंडळाची सभा झाली. मी अध्यक्षस्थानी होतो. तात्यांना उभं करून विचारण्यात आलं, काही म्हणणं आहे का. ते म्हणाले, "चेअरमनला इचारा." सभा खवळली. मी खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होतो. ते वाक्य असं आहे: 'संबंधित कर्मचाऱ्याने चोरीची कबुली न देता अध्यक्षांना उद्देशून उद्धट उत्तर दिल्याने त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे.' त्याखाली माझी सही. सही करताना मला बरं वाटलं, हेही लिहितो. समजूतदार झाडांची बाग असलेल्या मालकाला बरं वाटलं.

त्या काड्या दुसऱ्या माणसानं बांधल्या. त्यातली एक लागली. तालुक्यात आज त्या पेरूच्या कितीतरी बागा आहेत आणि त्या सगळ्यांचं मूळ ती एक काडी. सत्कारात मला फेटा बांधून 'हा वाण आपल्या भागात आणणारे' म्हणतात. मी फेटा बांधून घेतो.

तात्या कळंबला घरी बसले. 'काडीचोर' हे नाव त्यांच्याआधी तिथं पोचलं होतं. नरसिंहपूरचा तो चिकूवाला मुद्दाम वाट वाकडी करून गेला आणि पारावर ती गोष्ट सांगून आला. कलमं बांधायला कुणी बोलावलं तर तात्या अजूनही विचारत, इचारून आणली का. लोक एकमेकांकडं बघून हसत. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं, मग बांधणंही. खरी गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. मला आधी वाटायचं, कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून. नंतर उमगलं, ते काम माझं आहे असं त्यांनी मला सांगितलं होतं, आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायची त्यांना सवय नव्हती.

मी निवृत्त झालो आणि बारामतीला मुलाकडे राहायला आलो. गेल्या हिवाळ्यात बारामतीच्या एसटी स्टँडबाहेर तात्या दिसले. डोळ्याचं ऑपरेशन करून निघाले होते, एका डोळ्यावर पट्टी. सोबत कुणी नव्हतं. मी गाडी थांबवली.

"तात्या, बसा. कळंबला सोडतो."

त्यांनी आवाज ओळखला. थोडं थांबून बसले, माझ्या शेजारच्या सीटवर. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होता. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यामुळे तासाभराच्या रस्त्याला पावणेदोन तास लागले. पावणेदोन तास आम्ही दोघंच होतो. मी थंडीबद्दल बोललो. उसाच्या उताऱ्याबद्दल बोललो. डॉक्टर कसा होता ते विचारलं.

"बरा हाय. हात हलका हाय त्याचा," तात्या म्हणाले.

"दिसतं का आता?"

"पट्टी काढल्यावर कळंल."

भवानीनगरच्या पुढं एक ट्रॉली आडवी पडली होती. आम्ही अर्धा तास नुसते थांबलो. तात्यांनी विचारलं, "झाला का सत्कार? पोरं म्हनत हुती."

"झाला," मी म्हटलं.

"हं."

मला त्या 'हं'मध्ये टोमणा ऐकायचा होता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. त्यात काही नव्हतं. मी मनात वाक्य जुळवत होतो. पहिल्यांदा लांबलचक होतं, परिस्थिती वगैरे. मग कमी करत करत चार शब्दांवर आलं: काड्या मी ठेवल्या होत्या. तोंड उघडलं की दर वेळी पुढच्या ट्रॉलीचा हॉर्न वाजल्यासारखं काहीतरी निमित्त मिळत होतं. हॉर्न वाजला नाही तेव्हाही मिळत होतं.

कळंबच्या वळणावर ते म्हणाले, "हितंच थांबवा. गल्लीत गाडी वळायची न्हाय."

ते उतरले. एका हातात औषधांची पिशवी, दुसरा हात दारावर. लगेच गेले नाहीत. उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघत उभे राहिले, अर्धा मिनिट तरी. मागून मोटारसायकलवाला ओरडून गेला तरी ते दार धरून उभेच.

"तात्या," मी म्हटलं.

"बोला, चेअरमन."

"काही नाही. जपून जा."

त्यांनी मान हलवली आणि दार लोटलं. पाठ वळवून चार पावलं गेले. मी काच खाली केली आणि हाक मारली. ते परत फिरले, घाईनं, त्या वयाला न शोभणाऱ्या घाईनं, आणि खिडकीशी वाकले.

"दार नीट लागलं नाही," मी म्हटलं. "जरा जोरात लावा."